वजन नसलेला माल

माल अडवणं सोपं असतं. ट्रक दिसतो, त्याचं वजन करता येतं, पावती फाडता येते. मुंबईच्या वेशीवर मुलुंड आणि दहिसरला ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत हेच चाललं होतं. मग जीएसटी आला आणि जकात नाके बंद झाले. देशाच्या सीमेवरचं कस्टम्स म्हणजे असाच एक नाका, फक्त मोठा. पण हिंजवडीत बसलेली एखादी इंजिनिअर सिंगापूरच्या बँकेचा बिघडलेला प्रोग्रॅम रात्रीतून दुरुस्त करून देते, तेव्हा सीमा कोणी ओलांडली? काम झालं, बिल गेलं, परकीय चलन आलं आणि एकाही कस्टम्स अधिकाऱ्याला त्याचा पत्ता लागला नाही.

सेवांच्या व्यापारात नाका सीमेवर नसतो. तो देशाच्या आत कुठे तरी असतो. व्हिसाच्या अर्जात, बँकेच्या परवान्यात, करखात्याच्या कलमात, सर्व्हर कुठे ठेवायचा हे सांगणाऱ्या परिपत्रकात. दोन देश सेवा आणि गुंतवणुकीचा करार करतात तेव्हा खरी घासाघीस या आतल्या नाक्यांवरून चालते, आणि करारावर सह्या झाल्या तरी ती संपत नाही. भारत आणि सिंगापूर यांच्या वीस वर्षांच्या व्यवहारात हे फार स्वच्छ दिसतं.

आधी थोडं व्याकरण. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली, तेव्हा सेवांच्या व्यापारासाठीही एक करार झाला. त्यात सेवा देशाबाहेर जाण्याच्या चार वाटा मानल्या आहेत. हिंजवडीचं उदाहरण ही पहिली वाट: माणूस जागेवर, सेवा तारेवरून. दुसरीत गिऱ्हाईकच सेवेपाशी जातं, म्हणजे सिंगापूरला फिरायला किंवा शिकायला जाणारा भारतीय. तिसरीत कंपनी दुसऱ्या देशात दुकान थाटते. सिंगापूरच्या डीबीएस बँकेनं १९९४ मध्ये मुंबईत कचेरी उघडली, ती या वाटेनं. चौथीत माणूस स्वतः जातो, परिचारिका, लेखापाल किंवा इंजिनिअर म्हणून, ठरावीक मुदतीसाठी. भारताला पहिल्या आणि चौथ्या वाटेत रस आहे, कारण आपल्याकडे माणसं आहेत. सिंगापूरला तिसरीत रस आहे, कारण त्याच्याकडे भांडवल आहे. पुढचा सारा इतिहास या एका फरकातून निघतो.

सिंगापूरचं क्षेत्रफळ मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतं त्यापेक्षा थोडंसंच जास्त. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या बेटाकडे स्वतःचं पुरेसं पिण्याचं पाणीही नव्हतं. बंदर, बँका आणि कायद्याची शिस्त यांवर त्यानं बस्तान बसवलं. १९९१ नंतर भारतानं दारं किलकिली केली तेव्हा सिंगापूरचे पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी आपल्या देशात भारताचा ताप चढवायचाय, अशी भाषा केली होती. १९९४ मध्ये नरसिंह राव तिथे जाऊन बोलले, आणि पूर्वेकडे पाहण्याचं भारताचं धोरण त्या भाषणाशी जोडलं गेलं. त्याच वर्षी बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या तंत्रज्ञान उद्यानासाठी टाटा, कर्नाटक सरकार आणि सिंगापूरच्या कंपन्या एकत्र आल्या.

या सगळ्याचं पर्यवसान २९ जून २००५ ला दिल्लीत झालं. मनमोहन सिंग आणि ली सिएन लूंग यांनी सर्वंकष आर्थिक सहकार्य करारावर सह्या केल्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सेका’ म्हणतात. १ ऑगस्ट २००५ पासून तो लागू झाला. वस्तू, सेवा, गुंतवणूक हे सगळं एकाच दस्तऐवजात बांधणारा भारताचा हा पहिलाच करार. त्यात माणसांच्या ये-जेचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि ई-कॉमर्सचंही आहे. २००५ साली भारतात स्मार्टफोन फार थोड्यांकडे होता आणि ऑनलाइन खरेदी हा थोड्यांचा उद्योग होता, हे लक्षात घेतलं तर ते प्रकरण लिहिणाऱ्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटतं. मात्र पुढे जे काही घडलं त्यातलं फारच थोडं त्या प्रकरणामुळे घडलं.

पहिला ओघ पैशाचा आला, आणि त्याची चावी सेकामध्ये नव्हती. सह्यांच्या त्याच दिवशी दुहेरी करआकारणी टाळण्याच्या १९९४ च्या करारात एक दुरुस्ती झाली. सिंगापूरच्या गुंतवणूकदारानं भारतीय कंपनीचे समभाग विकून नफा कमावला तर त्यावर भारतात कर नाही. कर सिंगापूरनं लावायचा. आणि सिंगापूर भांडवली नफ्यावर कर लावतच नाही! मॉरिशसला ही सवलत आधीपासून होती. सिंगापूरचा हट्ट साधा होता, त्यांना आहे ते आम्हालाही द्या. भारतानं दिलं, पण एक गाठ मारून ठेवली: मॉरिशसची सवलत आहे तोवरच तुमची.

त्यामुळे एप्रिल २००० पासून भारतात भागभांडवल म्हणून आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीतली जवळपास निम्मी रक्कम मॉरिशस आणि सिंगापूर या दोन बेटांवरून आलेली दिसते. ती सगळी त्या बेटांचीच आहे, असं कोणी मानत नाही. अमेरिकन निवृत्तिवेतन निधी, युरोपीय फंड आणि काही प्रमाणात फेरा मारून घरी परतलेला भारतीय पैसाही त्यात आहे. मे २०१६ मध्ये मॉरिशसच्या कराराची दुरुस्ती झाली, गाठ आपोआप सुटली, आणि ३० डिसेंबर २०१६ ला सिंगापूरच्या कराराचीही दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांवरच्या नफ्यावर भारत कर लावू लागला. पहिली दोन वर्षं निम्म्या दरानं, नंतर पूर्ण. नुसत्या पाटीपुरत्या कंपन्यांना संक्रमणकाळातली सवलत मिळू नये म्हणून अट होती, सिंगापुरात वर्षाला किमान दोन लाख सिंगापुरी डॉलर खरोखर खर्च केलेले असले पाहिजेत.

आता ओघ आटेल, असा अनेकांचा होरा होता. तो चुकला. २०१८-१९ पासून उलट सिंगापूर हाच बहुतेक वर्षी सर्वांत मोठा स्रोत ठरला आहे. २०२४-२५ मध्ये तिथून सुमारे १४.९ अब्ज डॉलर आले. करसवलत गेल्यावरही पैसा तोच रस्ता धरतो, याचा अर्थ रस्त्यात आणखी काही तरी आहे. माझ्या मते ते सिंगापूरचं न्यायालय आणि लवाद. वाद झाला तर निकाल कधी लागेल हे तिथे सांगता येतं. आपल्या तरुण कंपन्यांनीही म्हणूनच दशकभर तिथे मुख्य कंपनी नोंदवली. फ्लिपकार्ट त्यातली सर्वांत मोठी. अलीकडे उलटा प्रवास सुरू झाला आहे: फोनपेनं २०२२ मध्ये आपलं नोंदणीचं घर सिंगापुरातून भारतात हलवलं आणि त्या स्थलांतरापोटी गुंतवणूकदारांना सुमारे आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागला. घरी येण्याचं भाडं एवढं असेल तर बरेच जण विचार करत बसणार.

पाटीपुरत्या कंपन्यांवर बोलताना विटा-सिमेंटची गुंतवणूक विसरायला नको. उरणजवळ न्हावा-शेवा बंदरात पीएसए ही सिंगापूर सरकारच्या टेमासेकची बंदर कंपनी भारत मुंबई कंटेनर टर्मिनल चालवते. पहिला टप्पा फेब्रुवारी २०१८ मध्ये, दुसरा ४ सप्टेंबर २०२५ ला खुला झाला आणि क्षमता वर्षाला ४८ लाख कंटेनरांवर गेली. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तमिळनाडूतल्या करूरची १९२६ सालची लक्ष्मी विलास बँक बुडायला आली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं ती डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत विलीन केली. डीबीएसनं अडीच हजार कोटी रुपये ओतले. अडचणीतली देशी बँक परदेशी बँकेच्या हाती सोपवण्याची ही पहिलीच वेळ. डीबीएसनं मार्च २०१९ मध्येच शाखांऐवजी पूर्ण उपकंपनी थाटलेली नसती तर हे जमलंच नसतं. उलट दिशेनं सेकाच्या आधारे स्टेट बँक आणि आयसीआयसीआय बँकेला सिंगापुरात विशेष परवाने मिळाले.

भांडवल असं दोन्हीकडून खेळत राहिलं. माणसांचं काय झालं?

सेकातल्या माणसांच्या प्रकरणाला १२७ व्यवसायांची एक यादी जोडलेली आहे. त्यातल्या व्यावसायिकाला वर्षभरापर्यंत काम करता येईल. कंपनीच्या अंतर्गत बदलीवर येणाऱ्याला आधी दोन वर्षं, वाढवत नेऊन कमाल आठ. कागदावर हे उदार दिसतं. पण प्रत्येकाला सिंगापूरचा रोजगार पास हवाच, आणि पास द्यायचा की नाही हे तिथलं मनुष्यबळ मंत्रालय ठरवतं. पगाराची किमान पातळी तेच ठरवतं, शैक्षणिक पात्रताही तेच तपासतं. ऑगस्ट २०१४ पासून मालकाला बाहेरचा माणूस आणण्याआधी ती जागा स्थानिकांसाठी जाहीर करावी लागू लागली. २०१७ मध्ये भारतीय आयटी कंपन्यांनी तक्रार केली की पास जवळजवळ बंदच झालेत. भारताचं म्हणणं, तुम्ही मागच्या दारानं आर्थिक गरजेची चाचणी लावताय आणि ती लावणार नाही असं करारात आहे. सिंगापूरचं म्हणणं, नियम सगळ्या देशांना सारखाच आहे, भारतासाठी वेगळा नाही. दोघांचंही खरं होतं, आणि असल्या वादाला लवाद फारसा कामाला येत नाही.

सिंगापूरच्या बाजूनं पाहिलं तर चित्र आणखी गुंतागुंतीचं. रोजगार पासधारकांत भारतीयांचं प्रमाण २००५ मध्ये साधारण सातातलं एक होतं, २०२० पर्यंत ते चारातलं एक झालं. चांगी बिझनेस पार्कसारख्या भागात दुपारच्या जेवणाच्या रांगेत ते डोळ्यांना दिसायचं. नोकरी गेलेल्या स्थानिक मध्यमवयीन माणसाला याचं एकच कारण सापडलं, सेका. समाजमाध्यमांवर तर ‘सेका’ हा भारतीयांना हिणवण्याचा शब्दच झाला. एका व्यापार कराराच्या आद्याक्षरांची शिवी व्हावी, हा बहुधा जगातला एकमेव प्रकार असावा. भूमिपुत्रांच्या प्रश्नावर मुंबईत साठ वर्षं काय काय झालं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही नाराजी परकी वाटणार नाही. फक्त इथे मराठी वाचकाला स्वतःला समोरच्या बाकावर बसलेलं पाहावं लागतं.

जुलै २०२१ मध्ये तिथल्या दोन मंत्र्यांनी संसदेत आकडे मांडले. २०२० मध्ये कंपनीच्या अंतर्गत बदलीवर आलेले परदेशी होते सुमारे ४,२००, त्यांतले भारतीय फक्त सुमारे ५००. म्हणजे ज्या कलमावर सारा राग होता त्यातून आलेली माणसं एका बऱ्यापैकी हाउसिंग सोसायटीत मावतील एवढीच. बाकीचे भारतीय नेहमीच्या पासवर आले होते, आणि सेका नसता तरी आले असते, कारण वाढत्या वित्त आणि तंत्रज्ञान कंपन्यांना ते हवे होते. सप्टेंबर २०२१ मध्ये विरोधकांच्या प्रस्तावावर चर्चा मध्यरात्र उलटेपर्यंत चालली. सरकारतर्फे प्रतिप्रस्ताव मांडला तो अर्थमंत्री लॉरेन्स वाँग यांनी. तेच आता पंतप्रधान आहेत. पुढे सप्टेंबर २०२३ पासून रोजगार पाससाठी गुणांची पद्धत आली. त्यात एका कंपनीत एकाच देशाची माणसं जास्त असली तर त्या निकषावर गुण मिळत नाहीत. भारताचं नाव कुठेही घेतलेलं नाही. घ्यायची गरजही नाही.

या गोंधळात एक वाट शांतपणे मोकळी झाली, परिचारिकांची. जून २०१८ मध्ये दोन्ही देशांच्या परिचर्या परिषदांनी एकमेकांच्या प्रशिक्षणाला मान्यता देण्याचा करार केला. व्हिसापेक्षा पदवी मानली जाणं हा अनेकदा मोठा अडसर असतो, आणि सिंगापूरच्या रुग्णालयांना परिचारिका हव्यात. जिथे गरज दोन्हीकडे, तिथे कलमं लवकर जुळतात.

आता अशा मालाकडे वळू ज्याला वजनच काय, मालकही नीट सांगता येत नाही. निफ्टी निर्देशांक मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात तयार होतो. सप्टेंबर २००० पासून त्याचे वायदे सिंगापूरच्या शेअर बाजारातही चालत, भारतीय बाजारानं दिलेल्या परवान्यावर. परदेशी फंडांना ते सोयीचं होतं: डॉलरमध्ये व्यवहार, लांब वेळ, भारतात नोंदणीची कटकट नाही. सकाळी नऊच्या आधी मराठी वृत्तवाहिन्यांवर ‘एसजीएक्स निफ्टी’चा आकडा झळकायचा तो हाच. हळूहळू मुंबईला जाणवलं की आपल्याच आकड्यावरची उलाढाल दुसरीकडे मोठी होत चालली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतातल्या तिन्ही शेअर बाजारांनी मिळून परदेशी बाजारांना भावांची माहिती देणं थांबवायचं जाहीर केलं. सिंगापूरनं परवान्याविना चालतील असे नवे वायदे आणायची तयारी केली. प्रकरण मे २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून लवादात गेलं. शेवटी तडजोड झाली. ती अशी की सिंगापूरचे दलाल आपल्याच पडद्यावर ऑर्डर टाकतात, पण ऑर्डर जुळते गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत. ३ जुलै २०२३ पासून एसजीएक्स निफ्टीचा गिफ्ट निफ्टी झाला. सेकामध्ये या विषयावर एक ओळ नाही. सरकारांनी नव्हे, दोन बाजारांनी आधी भांडून, मग एकमेकांच्या यंत्रणा जोडून हा प्रश्न सोडवला.

पैसे पाठवण्याच्या बाबतीतही यंत्रणाच जोडल्या गेल्या, आणि इथे भांडणही झालं नाही. यूपीआय २०१६ साली मुंबईत सुरू झालं. ते चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाचं मुख्यालयही मुंबईतच आहे. सिंगापूरचं पेनाऊ २०१७ चं. २१ फेब्रुवारी २०२३ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास आणि सिंगापूरच्या चलन प्राधिकरणाचे प्रमुख रवी मेनन यांनी एकमेकांना पैसे पाठवून दोन्ही जोडले. मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय आयडी टाकायचा, रक्कम काही क्षणांत समोरच्याच्या खात्यात. परदेशातून भारतात येणाऱ्या घरगुती रकमांत सिंगापूरचा वाटा २०२३-२४ मध्ये ६.६ टक्के होता, आणि या रकमा सर्वाधिक येतात त्या महाराष्ट्रात, एकूण ओघाच्या साधारण पाचवा हिस्सा.

मला या जोडणीत तंत्रापेक्षा वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. माहितीच्या साठवणुकीबाबत या दोन देशांची मतं जवळजवळ विरुद्ध आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं: पेमेंटची सगळी माहिती भारतातच साठवायची. पुढे ते न पाळल्याबद्दल अमेरिकन एक्स्प्रेस आणि मास्टरकार्डवर काही काळ नवी कार्डं देण्याची बंदी आली. उलट सिंगापूरनं फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेबरोबर संयुक्त निवेदन काढून वित्तीय माहिती अशी देशात कोंडण्याला विरोध केला, आणि त्याच वर्षी चिली, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाशी डिजिटल अर्थव्यवहाराचे करार करून माहिती मुक्त वाहण्याची कलमं लिहिली. भारत अशा करारांपासून दूर राहिला. मग जोडणी झाली कशी? रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये एक खुलासा केला होता. व्यवहार सीमेपार असेल तर त्यातल्या देशांतर्गत भागाची प्रत, गरज पडल्यास, बाहेरही ठेवता येईल. मूळ माहिती इथे, कामापुरती प्रत तिथे. तत्त्वाचा वाद जागच्या जागी राहिला आणि काम सुरू झालं.

सेकाचा दुसरा आढावा २०१८ च्या जूनमध्ये पुरा झाला आणि त्याच सप्टेंबरमध्ये तिसरा सुरू झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये वाँग दिल्लीत आले तेव्हाच्या संयुक्त निवेदनातही तिसरा आढावा सुरू करण्याच्या दिशेनं पुढे जायचं, एवढाच उल्लेख आहे, म्हणजे सात वर्षांनंतरही तो खऱ्या अर्थानं सुरू झालेला नाही. त्या निवेदनात सेमीकंडक्टर आहेत, कौशल्यविकास आहे, डिजिटल मालमत्ता आणि हरित जहाजमार्ग आहेत. यूपीआय आणि पेनाऊच्या जोडणीत जुलै २०२५ पासून भारतातल्या १९ बँका आहेत. पण दिवसाची मर्यादा साठ हजार रुपये, आणि इथून तिथे पैसे पाठवण्याची कारणं मान्य आहेत ती दोनच: परदेशातल्या नातलगाचा निर्वाह आणि भेट. सेवेचं बिल या वाटेनं चुकवता येत नाही. पुण्यातल्या एखाद्या छोट्या कंपनीनं सिंगापूरच्या मुक्त चित्रकाराकडून आपल्या ॲपसाठी चित्रं काढून घेतली, रक्कम अगदी पाच हजारांची असली, तरी तिला बँकेकडे प्रयोजनाचा संकेतांक लिहिलेला फॉर्म भरावा लागतो, आणि पैसे दोन-तीन दिवसांनी, शुल्क कापून पोचतात.